मागच्या दाराचा महिना

"चिटणीस, तो बारीक पाना द्या इकडे. अहो तो नाही, शेजारचा. चाळीस वर्षं नोकरीत नक्की काय केलंत हो तुम्ही?"

"फायली लावल्या," असं म्हणून मी शेजारचा पाना दिला.

पानाकाका चर्चच्या मागच्या अंगणातल्या तिसऱ्या संडासात, भांडं आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत आडवे झाले होते. मला फक्त त्यांचे गुडघे आणि झिजलेल्या चपला दिसत होत्या. माझ्या हातात कमिटीचं पत्र होतं. ते मीच लिहिलेलं असल्यामुळे भाषा उत्तम होती. परवानगीवाचून हाती घेतलेले काम त्वरित थांबवावे, असा त्याचा सारांश.

"तुमच्या नावे पत्र आहे."

"वाचा तुम्हीच. माझे हात बरबटलेत."

मी खाकरून पत्र वाचलं. आतली खडखड काही थांबली नाही. वाचून झाल्यावर आवाज आला, "छान लिहिलंय. आता तो वरचा कॉक सोडा बघू. हळू."

मी कॉक सोडला. टाकी भरली आणि पाणी आपोआप थांबलं. काका सरपटत बाहेर आले, त्यांनी साखळी ओढली, आणि अकरा वर्षं बंद पडलेला तो फ्लश असा काही गरजला की मी दोन पावलं मागे सरलो. पत्र हातातून निसटून ओल्या फरशीवर पडलं. काम थांबवायला गेलेला चिटणीस त्याच कामाला हातभार लावून परत आला, हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या फजितीपासून.

आमची चर्चची मंडळी लहान. दीडशे माणसं, त्यातली निम्मी साठीपुढची. इमारत मात्र दगडी आणि देखणी. पुढे लोखंडी फाटक, मागे गल्ली. गल्लीत रोज बाजार भरतो. भाज्या, अंडी, बादल्या, जुने कपडे, काय म्हणाल ते मिळतं. आमच्या मागच्या भिंतीला टेकून पंचवीस-तीस बाया बसतात. बसथांब्यावरून चर्चला यायचं तर त्याच गल्लीतून यावं लागतं, त्यामुळे आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे सावरत, अंग चोरत तिथूनच येतो.

चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, नवे होते, तरुण आणि उत्साही. मंडळीनं आता चार भिंतींच्या बाहेर पडायचं, शेजाऱ्यांपर्यंत पोचायचं, असं त्यांनी ठरवलं. एक 'शेजार रविवार' जाहीर झाला. पाचशे पत्रकं छापली, मजकूर माझा. ऐंशी खुर्च्या जास्तीच्या मांडल्या. गायनमंडळाने तीन आठवडे घसे खरवडले. दारात स्वागताला आठजणांची रांग उभी करण्याचं काम मोठ्या बाईंनी अंगावर घेतलं. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चर्चचा पहिला दगड त्यांच्या आजोबांनी बसवला होता, आणि त्यानंतरचे सगळे दगड आपल्याला विचारून बसले आहेत असा बाईंचा समज होता.

रविवारी दहाला उपासना सुरू झाली. साडेदहा वाजले तेव्हा एक माणूस आला. आठहीजणांनी त्याला हात जोडले, पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, हातात गीतांचं पुस्तक दिलं. तो बिचारा दोन गीतं होईपर्यंत गप्प बसला आणि मग माझ्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, ती पांढरी मोटार कुणाची हो? माझी हातगाडी अडकलीय मागे."

मोटार पाळकसाहेबांची होती.

त्या दिवशी संध्याकाळी कमिटी बसली. पत्रकाचा रंग फिका होता, अक्षर बारीक होतं, लोकांना हल्ली देवाची गोडीच राहिली नाही, अशी कारणं निघाली. पानाकाका कमिटीत नव्हते. ते कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ बदलायला आले होते. त्यांना पानाकाका म्हणायचं कारण म्हणजे खिशात कायम पाना. प्रार्थनेला गुडघे टेकले की ठण्ण आवाज यायचा, म्हणजे काका आले असं समजायचं.

"रविवारी सकाळी दहाला," नळाकडेच बघत काका म्हणाले, "बाजार सगळ्यात जोरात असतो. धंदा टाकून कोण येणार?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. वर्षानुवर्षं दर रविवारी त्याच गर्दीतून वाट काढत आलेली आम्ही शहाणी माणसं. एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"मग त्यांना कुठली वेळ सोयीची पडेल, काका?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"वेळेचं राहू द्या साहेब. त्यांना काय हवंय, ते विचारलंय का कुणी?"

ते काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन विचारलं. भिंतीशी उकिडवे बसले आणि म्हणाले, आम्ही चर्चवाले, तुम्हाला आमच्याकडून काय हवं? बायांनी आधी त्यांची यथेच्छ टर उडवली. एक म्हणाली, तुमची घंटा जरा हळू बडवा, माझं तान्हं उठतं. दुसरी म्हणाली, तुमच्या लोकांना सांगा, घासाघीस कमी करा. सगळ्या हसून दमल्यावर अंडेवाली मावशी खाली मान घालून, अंडी पुसत पुसत बोलली.

"दार उघडाल?"

"कुठलं?"

"हे मागचं. फटीतून दिसतात की. चार आहेत. रविवार सोडला तर कुणी जात नाही तिकडे."

चार संडासांपैकी तीन बंदच होते. काका त्याच दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन आले. परवानगी मागायचं त्यांना सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तरी त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मग माझं पत्र, आणि मग कमिटीची खास बैठक.

त्या बैठकीतली पहिली दहा मिनिटं 'संडास' हा शब्द इतिवृत्तात कसा लिहायचा यावर गेली. शेवटी 'मागील सुविधा' असं ठरलं.

"हे देवाचं घर आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "एसटी स्टँड नाही. आज सुविधा मागतील, उद्या पथारी पसरतील. घाण कोण काढणार? पाणी कुठून आणणार? मला या कामाचा तिटकारा आहे असं समजू नका. पण जे झेपत नाही ते करू नये."

बाईंचं अगदीच चुकत होतं असं नाही. आम्हाला आमचीच घाण काढणं झेपत नव्हतं, म्हणून तर तीन संडास अकरा वर्षं बंद होते. बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू. मग पाळकसाहेबांनी काकांना बोलायला सांगितलं. काका उठले आणि हातातलं फडकं पिळत उभे राहिले.

"मला बोलता येत नाही. माझी ताई आठवते ना तुम्हाला?"

न आठवायला काय झालं? भिंतीच्या कोपऱ्यात कांदे-बटाटे घेऊन बसायची. आईवडील लवकर गेले, तिनेच या धाकट्या भावाला वाढवलं, नळकाम शिकायला घातलं. रविवारी शेजारणीला टोपली सांभाळायला सांगून उपासनेला यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. आम्ही सगळे तिचं गिऱ्हाईक. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"बावीस वर्षं बसली ती तिथे," काका म्हणाले. "सकाळी सहाला जायची, संध्याकाळी सातला यायची. मधे पाण्याचा घोट नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? मला आपलं वाटायचं, हिला तहान कमी. डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेली म्हणून सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा विचारलं मी, ताई, तू पाणी का नाही पीत गं? हसली. म्हणाली, अरे, सवय झाली." त्यांनी फडकं आणखी पिळलं. "गावभर नळ बसवत फिरलो मी. हजार तरी बसवले असतील. आणि घरात ती…"

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"रविवारी ती मंडळीतली होती," ते म्हणाले, "आणि सोमवारपासून बाजारातली. संडासाची किल्ली फक्त रविवारची होती ना."

ती किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असायची. बावीस वर्षांत तिने ती एकदाही मागितली नाही. मी तिच्याकडून निवडून निवडून कांदे घेतले, वर दोन जास्तीचे टाकायला लावले, आणि कधी म्हणून विचारलं नाही. मला लाज वाटली. अजून वाटते. मी खाली मान घातली आणि 'मागील सुविधा' खोडून 'संडास' असं स्वच्छ लिहिलं.

तरी बाई सहजासहजी हटणाऱ्या नव्हत्या. एक महिना दार उघडं ठेवून बघायचं, असं ठरलं. शेवटच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्या मंडळीचं मत घ्यायचं. काही गडबड झाली तर दार बंद, ते कायमचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला एवढं कळलं, की या माणसाला आयुष्यात याहून जास्त काही मागायचं नाही.

पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. दार सताड उघडं, चारही संडास चकचकीत, नवा साबण, आणि बाया भिंतीशी ढिम्म बसलेल्या. आत गेलं की काहीतरी विचारतील, नाव लिहून घेतील, अशी त्यांना भीती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आल्या, चोरी करायला आल्यासारख्या, जमिनीकडे बघत. त्या दिवशी दारावर माझी पाळी होती. मी इतका गडबडलो की स्वागताच्या सवयीनं म्हणालो, "या, या, बसा!" दोघी तोंडाला पदर लावून हसत आत पळाल्या. तासाभरात हा विनोद सगळ्या बाजाराला कळला आणि माझं नाव 'याबसा' पडलं. पण त्यानंतर येणाऱ्यांची संख्या वाढली, हेही तितकंच खरं.

काकांनी आत खांद्याएवढ्या उंचीवर खुंट्या ठोकल्या, कारण बायांना पिशव्या ओल्या फरशीवर ठेवाव्या लागत. साफसफाईच्या पाळ्या मंडळीतल्या लोकांनी लावून घेतल्या होत्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या कोलमडल्या. तेव्हा अंडेवाली मावशी दारात येऊन म्हणाली, "तुमच्याच्यानं नाही व्हायचं. आम्ही बघतो." त्यांनी पाळ्या लावल्या आणि पाळल्या. साबण दोनदा चोरीला गेला, एक कडी तुटली. एवढं सोडलं तर महिना नीट चालला होता. मला तर वाटायला लागलं होतं, जिंकलो आपण.

शेवटच्या रविवारी मोठ्या बाईंच्या नातीचा बाप्तिस्मा होता. सकाळी नऊला मी चर्चमध्ये पोचलो, तर पानाकाका मागच्या अंगणात डोकं धरून बसलेले.

"पाणी नाही," ते म्हणाले.

मोठी पाइपलाइन फुटल्यामुळे पहाटे पाणीच आलं नव्हतं, आणि गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी. एरवी मंडळीला एक टाकी दोन दिवस पुरायची. पण काकांनी घाईत चारही संडासांची जोडणी त्याच टाकीवर केली होती.

"लोकांना घरोघर जाऊन सांगतो मी, वापराची टाकी वेगळी ठेवा, वेगळी ठेवा," काका कपाळावर हात मारून म्हणाले. "आणि इथे स्वतः काय केलं? शिकाऊ माणूससुद्धा अशी चूक करणार नाही हो."

तोवर बाजार भरला होता, शनिवारची गर्दी होऊन गेली होती, आणि पाण्यावाचून संडासांची जी अवस्था व्हायची ती झाली होती. वास अंगणातून चर्चकडे येणाऱ्या बोळातून थेट आत. साडेनऊला बाईंचे पाहुणे नवे कपडे घालून यायला लागले आणि नाकाला रुमाल लावून उभे राहिले. बाई मागे आल्या, त्यांनी सगळं बघितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी म्हणाले होते, काका. पाणी कुठून आणणार, हेच विचारलं होतं मी."

काका उठले, मागच्या दाराशी गेले आणि स्वतःच्या हातानं ते लावायला लागले. समोर अंडेवाली मावशी उभीच होती.

"का हो, बंद का?"

"पाणी नाही मावशी. टाकी संपली. आज आत बाप्तिस्मा आहे, पाहुणे आलेत. आणि आजनंतर बहुतेक बंदच."

"पाणी नाही म्हणून?"

"हो."

मावशीनं कमरेवर हात ठेवला, मागे वळली आणि ओरडली. काय आवाज होता तो! आमच्या गायनमंडळात तसा एकही नाही. "अगं ए पालेवाल्यांनो! डबे उचला गं! आपल्या दाराला पाणी नाही!"

पालेभाजीवर मारायचं पाणी बाया आदल्या दिवशीच भरून ठेवतात, हे मला त्या दिवशी समजलं. आधी दोघी आल्या, मग पाच, मग मोजायचं मी सोडून दिलं. डबे, बादल्या, कळशा, रंगाची रिकामी पिंपं. बादल्या विकणाऱ्यानं दुकानातल्या कोऱ्या बादल्या काढून दिल्या. हातगाडीवाला, तोच तो पहिल्या रांगेत बसवलेला, गाडीवर चार पिंपं घेऊन आला आणि मला म्हणाला, "आज मोटार नाही ना आडवी?" गल्लीपासून अंगणापर्यंत रांग लागली. या हातातून त्या हातात पाणी पुढे सरकत होतं. कोट घातलेले बाईंचे जावई मधे कधी उभे राहिले आणि पाळकसाहेबांनी झगा कधी खोचला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. काका खराटा घेऊन आत घुसले. वीस मिनिटांत चारही संडास धुऊन लख्ख झाले आणि अंगणात दोन पिंपं काठोकाठ भरून उभी राहिली.

राहिलं बाप्तिस्म्याचं पाणी. ते कुठल्याही दुकानात मिळालं असतं, नाही असं नाही. मी पाकीट घेऊन निघालोही होतो. पण मावशीनं आपल्या टोपलीतून एक बाटली काढली, पदराने पुसली आणि बोळात उभ्या असलेल्या मोठ्या बाईंपुढे धरली.

"हे घ्या. भाजीचं नाही, प्यायचं आहे. उकळून आणते मी."

"अहो, पण मग तुम्ही दिवसभर काय पिणार?" बाईंनी विचारलं.

"पिईन की, भरून आणीन कुठून तरी." मावशी जरा लाजून हसली. "खरं सांगू का बाई? तीस वर्षांत बाजारात बाटली आणलीच नव्हती मी. या महिन्यात घेतली. पहिल्या दिवशी प्यायले ना पोटभर, तर दुपारी डोकंच दुखलं नाही. मला वाटायचं, ऊन लागतं म्हणून दुखतं."

बाईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. त्यांनी मावशीचा हात धरला आणि तशाच तिला आत घेऊन गेल्या, थेट पुढे, आपल्या मुलीच्या शेजारी.

तिच्या मागोमाग बाकीच्याही आल्या. ओल्या पायांनी, पदर खोचलेल्या, आणि चर्चच्या फरशीवर पावलांचे ठसे उमटत गेले. पाळकसाहेबांनी ते पाणी बाळाच्या कपाळावर घातलं. बाळानं भोकाड पसरलं. मागून कुणीतरी "आई गं, गार लागलं वाटतं" म्हणालं आणि सगळं चर्च हसलं. आमच्या दगडी भिंतींनी इतकी माणसं एकत्र हसताना कधी ऐकली नसतील. दहा मिनिटांनी बाया आपापल्या टोपल्यांकडे पळाल्या, कारण बाजार कुणासाठी थांबत नाही. त्यातली एकही आमच्या मंडळीत नाव घालायला आली नाही. कुणी तसं विचारलंही नाही.

उपासनेनंतर मी वही उघडली आणि विषय वाचायला लागलो. मोठ्या बाईंनी मला अर्ध्यावर तोडलं.

"मत कसलं घेताय? दुसऱ्या टाकीचं बोला. कधी बसवायची आणि कुठे बसवायची?"

तरीही रीत म्हणून मी हात वर करायला सांगितलं. दीडशे हात वर झाले. काही अजून ओलेच होते.

पानाकाका आत नव्हते. मी त्यांना शोधत मागे गेलो. ते बोळात खाली बसून सांडलेलं पाणी फडक्यानं टिपत होते.

"झालं?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"झालं. एकही हात विरोधात नाही."

त्यांनी मान हलवली, फडकं बादलीत पिळलं, आणि पुन्हा फरशी पुसायला लागले. इतक्यात मागच्या दारातून एक म्हातारी भाजीवाली आत आली. जमिनीकडे न बघता, घाई न करता, आपल्या घरात यावं तशी.

"सरका हो जरा," ती म्हणाली.

काका उठले. बादली बाजूला ओढून भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले, थोरली बहीण घरात आली की धाकट्यानं उभं राहावं तसे. ती आत जाऊन कडी लागेपर्यंत ते खाली बसले नाहीत. मी उभाच होतो, तरी जरा सरळ झालो.